मागच्या ओळीतून पुढे: मायकेल बेनेटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकांकिका आणि महाविद्यालयीन स्पर्धांसाठी नाच बसवते. दरवर्षी तालमीत कुणीतरी हळूच जवळ येऊन म्हणतं, "ताई, मला मागच्या ओळीत नका ना ठेवू." अशा वेळी मी मायकेल बेनेटची गोष्ट सांगते. गोष्ट संपली की प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते आहे.

मायकेल बेनेट कोण?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक नाटकांच्या पेठेतला नर्तक, पुढे नृत्यदिग्दर्शक आणि मग दिग्दर्शक. जन्म ८ एप्रिल १९४३, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात. पूर्ण नाव मायकेल बेनेट डिफिग्लिया. वडील कारखान्यात मशिनवर काम करायचे, आई सेक्रेटरी होती. घरात नाटकाची परंपरा नाही, पैसा तर नाहीच. ऑडिशनला आलेल्या समूहनर्तकांची गोष्ट सांगणारं १९७५ सालचं 'अ कोरस लाइन' हे त्याचं सगळ्यांत गाजलेलं काम. नाट्यक्षेत्रातला अमेरिकेचा मोठा पुरस्कार म्हणजे टोनी. तो त्याला सात वेळा मिळाला. २ जुलै १९८७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी तो गेला.

'कोरस'मध्ये नाचणं म्हणजे नेमकं काय काम?

आपल्याकडे नाटकातला समूह म्हटलं की 'घाशीराम कोतवाल'मधली माणसांची भिंत आठवते. तिथे ती भिंत स्वतःच एक पात्र आहे. जुन्या ब्रॉडवेवर कोरसचं तसं नव्हतं. मुख्य नट-नटीच्या मागे पंधरा-वीस जणांनी एकाच मापाने पाय उचलायचा, एकाच कोनात मान वळवायची, आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही याची काळजी घ्यायची. वेगळं दिसलात तर ती चूक! शिवाय काम कंत्राटी. नाटक पडलं की सगळे पुन्हा ऑडिशनच्या रांगेत. पस्तिशीच्या आसपास गुडघे बोलायला लागतात आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो. बेनेटची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी ही रांग डोळ्यांसमोर आणावी लागते, कारण तो त्याच रांगेतून आला.

तो त्या रांगेत कसा पोहोचला?

लहानपणापासून नाचाचे क्लास, आणि जेरोम रॉबिन्स हे दैवत. रॉबिन्सने १९५७ मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' बसवलं होतं. कल्पना, दिग्दर्शन आणि नृत्यरचना तिन्ही त्याचं. त्याच नाटकाच्या युरोप दौऱ्यात बेबी जॉनची भूमिका मिळाली तेव्हा बेनेटने हायस्कूल अर्धवट सोडलं आणि तो निघाला. परतल्यावर १९६१ ते १९६४ या काळात तो ब्रॉडवेवर 'सबवेज आर फॉर स्लीपिंग', 'हिअर्स लव्ह' आणि 'बाजूर' या तीन नाटकांच्या कोरसमध्ये नाचला. 'हलाबलू' नावाच्या टीव्ही कार्यक्रमातही तो नर्तक होता. तिथे त्याची डॉना मकेकनीशी ओळख झाली. पुढे तिच्यासाठी त्याने आपले काही सर्वोत्तम नाच रचले.

नृत्यदिग्दर्शक म्हणून पहिलंच काम गाजलं का?

नाही. १९६६ चं 'अ जॉयफुल नॉइज' बारा प्रयोगांत बंद झालं. पुढच्या वर्षीचं 'हेन्री, स्वीट हेन्री'ही फार चाललं नाही. पण दोन्ही नाटकांच्या नृत्यरचनेला टोनीचं नामांकन मिळालं. म्हणजे नाटक पडलं, तरी पाहणाऱ्यांनी नाच लक्षात ठेवला. वय तेव्हा तेवीस-चोवीस. माझ्या विद्यार्थ्यांना हा भाग ऐकायला फार आवडतो आणि मीही तो जरा रंगवूनच सांगते.

१९६८ चं 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस' मात्र जोरात चाललं. त्यात ऑफिसमधल्या नाताळच्या पार्टीचा एक नाच आहे. तीन मुली पुढे येतात, बघता बघता अख्खं ऑफिस थिरकायला लागतं आणि माना अशा झटकतात की बघणाऱ्याची मान दुखावी. त्या तिघींमध्ये डॉना मकेकनी होती आणि बेयॉर्क ली होती. बेयॉर्क लीचं नाव लक्षात ठेवा.

नुसत्या नाचातून गोष्ट पुढे जाते म्हणजे काय? उदाहरण द्या.

माझ्या मते एकच उदाहरण पुरे आहे: १९७० चं 'कंपनी'.

रॉबर्ट नावाचा पस्तिशीतला अविवाहित माणूस आणि त्याचे पाच विवाहित मित्र-जोडपी, असा मामला. मंचावर एकूण चौदा कलाकार, त्यातले बहुतेक नर्तक नव्हतेच. साधा नृत्यदिग्दर्शक वैतागला असता. बेनेटने त्यांचं अवघडलेपण तसंच ठेवलं. टोपी-काठी घेऊन हौशी कार्यक्रमात नाचणारी शेजारीपाजारी मंडळी असावीत, तसे ते नाचतात.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक नाच आहे. एक नवरा पुढे येतो, टॅपचा, म्हणजे बुटांनी ताल वाजवत करायच्या नाचाचा, छोटा तुकडा वाजवतो, आणि बायको त्याला उत्तर देऊन तुकडा पुरा करते. सवाल आणि जवाब. मग दुसरं जोडपं, मग तिसरं. प्रेक्षकांच्या कानाला सवय होते: सवाल आला की जवाब येणारच. शेवटी रॉबर्ट पुढे येतो आणि आपला तुकडा वाजवतो. उत्तर द्यायला कुणीच नाही. तेवढ्या मात्रा रिकाम्या जातात.

बस. एक शब्द नाही, एक सुस्कारा नाही. या माणसाच्या आयुष्यात काय नाही ते चार मात्रांच्या शांततेत कळतं. ही नृत्यरचना की दिग्दर्शन? मला तर ती रेषा इथे दिसत नाही, आणि बेनेटलाही ती दिसत नसावी.

मग तो दिग्दर्शक कधी झाला?

पुढच्याच वर्षी. १९७१ च्या 'फॉलीज'मध्ये हॅरॉल्ड प्रिन्ससोबत तो सहदिग्दर्शक होता. पाडायला काढलेल्या थिएटरात एकेकाळच्या नर्तिका म्हातारपणी एकत्र येतात आणि जुना नाच पुन्हा करून बघतात. त्या नाचताना मागच्या अंधारातून त्यांचीच तरुण रूपं, पांढरी, भुतांसारखी, त्याच पावलांनी पुढे येतात. या नाटकासाठी त्याला नृत्यरचनेचा आणि दिग्दर्शनाचा असे दोन टोनी मिळाले.

त्यानंतरचं 'सीसॉ' (१९७३) ब्रॉडवेच्या आधी डेट्रॉइटला चालू होतं आणि गाडं पुरतं रुतलं होतं. बेनेटला बोलावलं. त्याने सर्वाधिकार मागून घेतले आणि नाटक उलटंपालटं केलं. मुख्य नटीसुद्धा बदलली. नाटक उभं राहिलं. पण या कामात त्याचा कठोरपणाही सगळ्यांना दिसला. त्याला कुणी संत समजू नये म्हणून हे सांगते.

नर्तकाने दिग्दर्शक होणं तिकडे नेहमीचंच आहे का?

हो, ती तिथली एक परंपराच आहे. रॉबिन्स, बॉब फॉसी, गावर चॅम्पियन हे बेनेटच्या आधीचे. टॉमी ट्यून, सुझन स्ट्रोमन, केसी निकोलॉ नंतरचे. मधली पायरी बहुतेकदा 'डान्स कॅप्टन'ची असते. नृत्यदिग्दर्शक निघून गेल्यावर रोजच्या प्रयोगात नाच ढिला पडू न देण्याची जबाबदारी या माणसावर असते. दुसरी पायरी 'स्विंग'ची. हा नर्तक रोज मंचावर नसतो, पण आठ-दहा जणांच्या जागा पाठ करून बसलेला असतो. कुणाचा पाय मुरगळला की ऐनवेळी तो आत. ज्याला सगळ्यांच्या जागा माहीत असतात, त्याला चित्र पूर्ण दिसायला लागतं.

'अ कोरस लाइन'ची कल्पना कुठून आली?

मिशॉन पीकॉक आणि टोनी स्टीव्हन्स या दोन नर्तकांनी, कामाच्या तंगीला कंटाळून, नर्तकांनी एकत्र येऊन काहीतरी करावं असं ठरवलं आणि बेनेटला गाठलं. जानेवारी १९७४ मधल्या एका शनिवारी रात्रीचे प्रयोग आटोपून वीसेक नर्तक एका व्यायामशाळेत जमले. आधी थोडं नाचले. मग जमिनीवर गोल करून बसले, टेपरेकॉर्डर सुरू झाला आणि एकेकाने बोलायला सुरुवात केली: नाव काय, जन्म कुठला, नाचायला का लागलास. मध्यरात्री सुरू झालेल्या गप्पा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालल्या.

निकोलस डांटे नावाच्या पोर्तोरिकन नर्तकाने तिथे आपली गोष्ट सांगितली. कोवळ्या वयात तो बायकांच्या वेशात नाचणाऱ्या कंपनीत कामाला होता आणि एके दिवशी आईवडिलांनी त्याला त्या वेशात पाहिलं. नाटकात पॉल नावाचं पात्र हे स्वगत बोलतं. ना गाणं, ना नाच. रिकाम्या मंचावर एक मुलगा उभा राहून बोलतो. नृत्यनाट्याच्या ऐन मध्यावर नाच थांबवण्याची छाती बेनेटला होती, याचं मला आजही नवल वाटतं. डांटे पुढे जेम्स कर्कवुडसोबत या नाटकाचा लेखक झाला. संगीत मार्विन हॅमलिश यांचं, गीतं एडवर्ड क्लेबन यांची.

'वर्कशॉप' पद्धत म्हणजे काय? बेनेटच्या नावाशी ती का जोडतात?

तोवरची रीत अशी: संहिता आणि गाणी आधी तयार, मग चार-पाच आठवडे तालीम, मग दुसऱ्या गावी प्रयोग करून दुरुस्त्या, आणि शेवटी ब्रॉडवे. बेनेटकडे संहिताच नव्हती, टेप होत्या. पब्लिक थिएटरच्या जोसेफ पॅपने त्याला जागा दिली आणि नर्तकांना आठवड्याला १०० डॉलर. लेखक, संगीतकार, नर्तक सगळे महिनोन्‌महिने एका खोलीत. सकाळी लिहिलेलं दुपारी उभं करायचं, नाही जमलं तर संध्याकाळी फाडायचं. आपल्याकडच्या प्रायोगिक नाटकवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. ब्रॉडवेच्या धंद्याला मात्र ते नवीन होतं. पुढे तिकडे हाच शिरस्ता झाला.

नर्तकांना आपल्या गोष्टींचे पैसे मिळाले का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी शाबासकी देते.

त्या टेपवरच्या गोष्टींचे हक्क नर्तकांनी एकेका डॉलरला लिहून दिले. नाटक गाजणार की खड्ड्यात जाणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नाटक गाजल्यावर बेनेटने स्वतःच्या मानधनातून एक छोटा वाटा त्या मूळ मंडळींसाठी ठेवला आणि अनेक वर्षं त्यांना पैसे येत राहिले. पण २००६ मध्ये ब्रॉडवेवर नाटक नव्याने आलं तेव्हा जुना करार त्याला लागू होत नव्हता. जुने नर्तक अस्वस्थ झाले, आणि २००८ मध्ये बेनेटच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांशी त्यांची नवी तडजोड झाली.

मला विचाराल तर बेनेटने वाटा ठेवला हे त्या काळाच्या मानाने चांगलंच होतं, आणि तरीही ते पुरेसं नव्हतं. स्वतःच्या बापाबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल माणूस रात्री तीन वाजता जे बोलतो, त्याची किंमत एक डॉलर असू शकत नाही. तुम्ही सामूहिक तालमीतून नाटक उभं करणार असाल, तर श्रेय आणि पैसे कुणाचे किती, हे पहिल्या आठवड्यात कागदावर घ्या. मैत्री असली तरी घ्या. मैत्री आहे म्हणून तर नक्कीच घ्या.

तालमीत तो मुद्दाम पडला होता, हे खरं का?

खरं आहे. नाटकात पॉलचा गुडघा जातो आणि बाकीचे हादरतात. नर्तकांची प्रतिक्रिया खोटी वाटत होती. एके दिवशी नाच दाखवता दाखवता बेनेट कोसळला आणि कळवळायला लागला. कुणी धावलं, कुणी गोठलं, कुणी रडायला लागलं. मग तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, आत्ता जे केलंत ते लक्षात ठेवा. काही जण भयंकर चिडले, आणि मला त्यांचा राग रास्त वाटतो. प्रसंग मात्र त्यातूनच बसला. मी स्वतः तालमीत असं कधीच करणार नाही.

प्रेक्षकांमुळे नाटकात खरोखर बदल झाले का?

दोन तर नक्की. पहिला: कॅसी ही एकेकाळची एकल नर्तिका काम नसल्याने पुन्हा कोरसमध्ये जागा मागायला येते. सुरुवातीच्या प्रयोगांत तिला नाकारलं जायचं. अभिनेत्री मार्शा मेसनने बेनेटला सांगितलं, हिला काम मिळालंच पाहिजे. त्याने शेवट बदलला आणि कॅसीची निवड होऊ लागली.

दुसरा फार मजेशीर आहे. कॉस्मेटिक सर्जरी करून घेतलेल्या एका मुलीचं विनोदी गाणं हसं घेईना. कारण सापडलं ते छापील कार्यक्रमपत्रिकेत. गाण्याचं नावच शरीराच्या त्या अवयवांवरून होतं. लोक ते आधीच वाचून बसायचे आणि विनोद फुटायचा. नाव बदलून 'डान्स: टेन, लुक्स: थ्री' केलं. गाण्यातला एक शब्दही न बदलता प्रेक्षागृह हसायला लागलं.

मंचावर काहीच नसतं म्हणतात. मग इतका परिणाम कशाचा?

एक पांढरी रेघ. मागे तीन बाजूंचे फिरते उंच पाट: एक बाजू काळी, दुसरी आरशाची, तिसरी शेवटच्या झगमगाटासाठी. नेपथ्य रॉबिन वॅगनरचं. थॅरन मसरची प्रकाशयोजना ब्रॉडवेवर पहिल्यांदाच संगणकावर चालवली गेली. ऑडिशन घेणारा झॅक बराच वेळ प्रेक्षागृहाच्या अंधारातून नुसता आवाज बनून बोलतो.

सुरुवातीचा नाच संपतो आणि सगळे रेघेवर येऊन उभे राहतात. प्रत्येकाने स्वतःचा फोटो चेहऱ्यासमोर धरलेला. म्हणजे सतरा माणसं उभी आहेत आणि एकाचाही चेहरा दिसत नाही, दिसतात ते फोटो. पुढचे दोन तास, मध्यंतर न घेता, त्या फोटोंमागची माणसं बाहेर येतात.

आणि शेवट पाहा. सतरांतले आठ निवडले जातात. मग सगळेच सोनेरी कपड्यांत, उंच टोप्या घालून परत येतात आणि एका मापाने पाय फेकत नाचतात. ज्यांची नावं, गावं, दुखणी आपल्याला दोन तासांत पाठ झाली, त्यांतलं आता कोण कुठलं ते ओळखू येत नाही. लोक टाळ्या वाजवतात, आणि वाजवता वाजवता काहीतरी खुपतं. बेनेटला तेच हवं होतं. एकेकाने पुढे येऊन नमस्कार करायची रीतही त्याने ठेवली नाही. नाच चालू असतानाच उजेड विझत जातो.

नाटक किती चाललं?

मे १९७५ मध्ये पब्लिक थिएटरच्याच २९९ खुर्च्यांच्या न्यूमन थिएटरात सुरू झालं, त्याच वर्षी ब्रॉडवेच्या शुबर्ट थिएटरात गेलं. १९७६ मध्ये नऊ टोनी आणि नाटकासाठीचं पुलित्झर. २९ सप्टेंबर १९८३ रोजी ३,३८९ वा प्रयोग करून ते तोवरचं ब्रॉडवेवरचं सर्वाधिक काळ चाललेलं नाटक ठरलं. त्या रात्री आजी-माजी मिळून ३३२ नर्तक सामील झाले होते. एप्रिल १९९० मध्ये बंद होईपर्यंत ६,१३७ प्रयोग झाले.

त्यानंतर त्याने काय केलं?

१९७८ मध्ये 'बॉलरूम'. मध्यमवयीन विधवा संध्याकाळी नाचघरात जाऊ लागते, अशी हळवी गोष्ट. त्यात त्याने स्वतःचे पैसे घातले आणि ते बुडाले. ८९० ब्रॉडवे ही इमारत घेऊन तिथे त्याने तालमीच्या जागा उभ्या केल्या.

१९८१ चं 'ड्रीमगर्ल्स' हे माझ्या लेखी त्याचं दिग्दर्शनातलं सर्वांत मोठं काम. कृष्णवर्णीय गायिकांच्या त्रिकुटाची गोष्ट. मंचावर दिव्यांचे उंच मनोरे सरकत राहतात, आणि त्यांच्या हालचालीतूनच ड्रेसिंग रूमचा मंच होतो, मंचाचा स्टुडिओ. माणसांना नाचवून झालं होतं, आता त्याने नेपथ्य नाचवलं. दिग्दर्शनाचा टोनी त्या वर्षी त्याला मिळाला नाही. तो टॉमी ट्यूनला गेला, ज्याला 'सीसॉ'मध्ये बेनेटनेच संधी दिली होती.

तो इतक्या लवकर कसा गेला?

एड्समुळे. १९८५ मध्ये 'स्कँडल' हे नाटक बऱ्याच वर्कशॉपनंतर त्याने सोडून दिलं. १९८६ मध्ये लंडनला 'चेस'ची तयारी चालू असताना बाजूला झाला. बाहेर कारण सांगितलं हृदयविकाराचं. त्या काळात या आजाराचं नाव घेणंही अवघड होतं. ॲरिझोनातल्या टूसॉनला त्याचा शेवट झाला. निकोलस डांटेही १९९१ मध्ये त्याच आजाराने गेला. त्या दशकात ब्रॉडवेच्या नाचाची अख्खी एक पिढी कापली गेली. ज्यांच्या अंगात ते नाच मुरलेले होते ती माणसंच राहिली नाहीत.

मग त्याचे नाच आज कसे टिकले?

वर लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव: बेयॉर्क ली. 'अ कोरस लाइन'मधली कॉनी हे पात्र तिच्याच गोष्टीवरून घेतलेलं आणि पहिल्यांदा तिनेच केलेलं. पुढे देशोदेशी जाऊन तिने हे नाटक पावलापावलाने नव्या मुलांच्या अंगात उतरवलं. २००६ च्या ब्रॉडवे प्रयोगात नाच तिने बसवले आणि दिग्दर्शन केलं बॉब एव्हियनने, जो बेनेटचा आयुष्यभराचा सहकारी.

चित्रपट बघितला तर चालेल का?

१९८५ चा चित्रपट 'गांधी'वाले रिचर्ड ॲटनबरो यांनी केला. बेनेट त्यात नव्हता आणि ते जाणवतं. कॅमेरा सारखा जवळ जातो, त्यामुळे ती ओळ ओळ म्हणून दिसतच नाही. त्याऐवजी २००६ च्या पात्रनिवडीवरचा 'एव्हरी लिटल स्टेप' हा माहितीपट आधी बघा. त्यात त्या १९७४ च्या टेपचे मूळ आवाज आहेत. मग १९७६ च्या टोनी सोहळ्यातला सुरुवातीचा नाच शोधा. बघताना एक करा: पुढच्या कुणाकडे न बघता मागच्या ओळीतला एकच नर्तक निवडा आणि शेवटपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवा.